1522 फुटांच्या वरचं गाव

पैठणचं जायकवाडी धरण काठोकाठ भरलं की त्याच्या जलाशयाचं, नाथसागराचं, पाणी समुद्रसपाटीपासून 1522 फुटांवर येतं. पैठण-गंगापूर तालुक्यांतल्या कितीतरी गावांचं नशीब या एका आकड्यानं ठरवलं. गाव त्याच्या खाली की वर, एवढंच बघितलं गेलं.

18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. जायकवाडी हे नाव मात्र बीड जिल्ह्यातल्या गावाचं. धरण आधी तिकडं व्हायचं होतं. जागा बदलली, नाव राहिलं. सुमारे दहा किलोमीटरची भिंत, 27 दरवाजे, मागं अंदाजे 35,000 हेक्टरवर पाणी. या पाण्यानं मराठवाडा जगवला. ते मान्य करूनच पुढचं सांगायचं आहे.

बुडणाऱ्या गावांसाठी उंचावर नवी गावठाणं आखली गेली. सरळ रस्ते, मापात काढलेले प्लॉट, शाळेला जागा, चावडीला जागा. जुन्या गावात भावकी भावकीला लागून राहायची; इथं शेजार प्लॉटच्या नंबरानं ठरला. निघताना माणसांनी सागाच्या तुळया, दारं, चौकटी उतरवून बैलगाडीत घातल्या. सिमेंटच्या भिंतीत बसवलेली एखादी जुनी चौकट अजून दिसते. तिचा उंबरा मधोमध झिजलेला असतो. तो या घरात झिजलेला नाही.

इथं गोदावरीला गंगाच म्हणतात. ती पूर्वी नावेनं ओलांडायची. आता समोर दर्या आहे, पण त्याला ठरलेला काठ नाही. पावसाळ्यात पाणी गावाशी येतं, उन्हाळ्यात पार लांब जातं. मागं उघडी पडते ती गाळपेराची जमीन. गहू, हरभरा चांगला येतो. पण जी जमीन बापजाद्यांच्या नावावर होती, तीच आता एका हंगामापुरती भाडेपट्ट्यानं मागावी लागते. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त बोचतं ते हेच.

होड्यांना पक्का धक्का बांधून तरी काय उपयोग? मासे धरणारे भोई काठावर खुंटी ठोकतात, पाणी हटलं की उपटून पुढं नेतात. दुष्काळाच्या साली खुंटी खूप आत जाते. तिथं जुन्या घरांची जोती उघडी पडलेली असतात. म्हातारी माणसं नातवंडांचा हात धरून चिखल तुडवत तिथवर जातात, आणि बोटानं दाखवतात: ही आपली ओसरी. हा पार. ही बारव.