झोप आणि गुहेतले 32 दिवस

नमस्कार मंडळी. आज झोपेबद्दल बोलायचंय, त्यामुळे ऐकता ऐकता तुमचा डोळा लागला तरी माझी तक्रार नाही.

झोपलं की शरीर बंद, असं आपण धरून चालतो. तसं नाहीये. मेंदू रात्रभर कामात असतो. आधी हलकी झोप, मग गाढ, मग स्वप्नांची, ज्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात, झोपलेल्या बाळाकडे नीट बघा, दिसतं ते. हे एक चक्र साधारण 90 मिनिटांचं, रात्रीतून चार-पाच वेळा. गाढ झोप सुरुवातीला जास्त, स्वप्नं पहाटेकडे जास्त, म्हणून तर साखरझोपेत अलार्म वाजला की नेमकं स्वप्न अर्ध्यावर तुटतं. आणि ते स्नूझचं बटण ज्याने काढलं ना, त्याला मी कधीच माफ करणार नाही, पण ते असो.

आता मला जी गोष्ट सांगायचीय ती. साल 1938. शिकागो विद्यापीठात नॅथॅनिएल क्लाइटमन नावाचे प्राध्यापक होते, वय 43, आणि त्यांना एकच भुंगा लागलेला: आपल्याला रोज ठरलेल्या वेळी झोप येते ती सूर्यामुळे, की आपल्या आतच घड्याळ आहे? मग सूर्य दिसणारच नाही अशी जागा पाहिजे. म्हणून हे गेले केंटकीतल्या मॅमथ गुहेत, सोबत ब्रूस रिचर्डसन नावाचा तरणाबांड विद्यार्थी, आणि दोघं तिथं 32 दिवस राहिले. आत मिट्ट काळोख, कंदिलाचा उजेड तेवढा, बारा महिने 12 अंशांच्या आसपास गारठा. उंदीर अंगावर चढू नयेत म्हणून पलंगाचे पाय जंतुनाशक भरलेल्या डब्यांत ठेवलेले! एवढं करून माणूस तिथं झोपतो कसा, मला तर पहिल्याच रात्री डोळ्याला डोळा लागला नसता.

आणि तिथं त्यांनी दिवस केला 28 तासांचा. 19 तास जागायचं, 9 तास झोपायचं. म्हणजे आठवडा सहाच दिवसांचा, हिशोब करून बघा, बरोबर 168 तास होतात. अधूनमधून अंगाचं तापमान मोजायचं, कारण ते दिवसा वाढतं आणि रात्री उतरतं, शरीराचं घड्याळ वाचायचं ते त्यावरून. झालं काय, रिचर्डसन आठवड्याभरात 28 तासांना सरावला. आणि सर? सरांचं तापमान हट्टाने 24 तासांवरच! जागायच्या वेळी पेंग यायची आणि झोपायच्या वेळी टक्क जागे. बाहेर जग दिसत नाही, ऊन नाही, तरी शरीर आपलं जुनंच वेळापत्रक पाळतंय. म्हणजे घड्याळ आत आहे, मंडळी, आत आहे. हे घड्याळ पेशींमध्ये नेमकं कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना पुढे 2017 साली नोबेल मिळालं.

हे झालं घड्याळ. दुसरी गोष्ट ॲडेनोसिन, जागं असताना मेंदूत साठत जातं आणि झोपेचा दाब वाढवतं, झोपलो की ओसरतं. कॉफी ते ॲडेनोसिन काढून टाकत नाही हां, फक्त त्याची जागा अडवून बसते, झोप तशीच उधार राहते. चार तासांत माझं भागतं अशी फुशारकी मारणारे मला भेटतात, ते दुपारी मीटिंगमध्ये डुलक्या काढत असतात.

आणि झोप हवी कशाला, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. गाढ झोपेत वाढीचं हार्मोन जास्त सुटतं, दिवसभर शिकलेलं झोपेत डोक्यात पक्कं बसतं, आणि झोपेचं खोबरं होत राहिलं की रोगप्रतिकारशक्ती ढासळते. यातल्या एकेकावर अर्धा तास बोलता येईल, पण काचेपलीकडून मला केव्हाचं घड्याळ दाखवतायत, बाहेरचं. नमस्कार.