पाण्याची चाहूल

(दृश्य : पहाट. बाबा भिडे पूल, खाली मुठेचं गढूळ पाणी.)

पावसाळा लागला की पुण्यात एक प्रश्न फोनवरून फिरायला लागतो. ‘किती सोडलंय?’ खडकवासला धरणातून किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटलंय, एवढाच त्याचा अर्थ. आकडा चढला की नदीपात्रातला रस्ता बंद होतो, मग हा पूल पाण्याखाली जातो. हल्लीच्या पुणेकराला नदी अशी आकड्यांतून कळते.

माझ्या आजीला ती तशी कळली नव्हती. १२ जुलै १९६१ ला आजी नारायण पेठेत राहत होती. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधूनही झालं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं आणि त्याच्या लोंढ्यापुढे १८७९ सालचं खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही. नदीकाठच्या पेठांमधले वाडे जागच्या जागी बसले.

आजी दर पाडव्याला पंचांगातलं संवत्सरफल वाचायची. मृगाचं वाहन बेडूक की उंदीर, हेही बघायची. पण त्या पुरानंतर तिने घराची कागदपत्रं, रेशनकार्ड, मंगळसूत्राची डबी आणि मेणकापडात गुंडाळलेली काडेपेटी एका पत्र्याच्या ट्रंकेत घातली आणि ट्रंक माळ्यावर चढवली. नंतर कितीही कोरडी वर्षं गेली, ट्रंक खाली आली नाही. पाऊस किती पडणार, याची तिला उत्सुकता होतीच. पाणी दारात आलं तर पहिल्यांदा काय उचलायचं, हे मात्र तिने त्या उत्तरासाठी अडवून ठेवलं नव्हतं.

(दृश्य : शिवाजीनगर. शिमला ऑफिसची दगडी इमारत, घड्याळाचा मनोरा.)

उद्याचं आज सांगण्याचं अवघड काम याच शहरात चालतं. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, इमारतीचं नाव शिमला ऑफिसच राहिलं आणि मोसमी पावसाच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचं कामही इथेच राहिलं. २००२ साली अंदाज सामान्य पावसाचा होता. जुलै कोरडा गेला आणि हंगामाअखेर देशात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस झाला. इथल्या शास्त्रज्ञांनी पद्धती बदलल्या, पुढेही बदलत राहिले. आज हंगामाचा अंदाज येतो तो ‘अधिक-उणे’ घेऊनच येतो. पाऊस जास्त होण्याची शक्यता किती, कमी होण्याची किती, तेही सांगितलं जातं. आपण किती चुकू शकतो, हे आधीच सांगणाऱ्या माणसांवर माझा जास्त विश्वास बसतो.

आणि रोजच्या इशाऱ्यांचे रंग बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. या तिन्ही सूचना आभाळाकडे न बघता थेट आपल्याकडे बघून दिलेल्या आहेत.

(दृश्य : आंबिल ओढा. दोन भिंतींमधून जाणारं अरुंद पात्र.)

पानशेतच्या पूरग्रस्तांना शहराने मुठेपासून लांब वसवलं. गोखलेनगर वाढलं, सहकारनगर वाढलं. पुराची धास्ती म्हणजे मुठेची धास्ती, असं मनात पक्कं बसलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाणी आलं ते कात्रजच्या डोंगराकडून, आंबिल ओढ्यातून. सहकारनगर, अरण्येश्वर या भागांत ते घरात शिरलं. माणसं गेली. वाहून आलेल्या गाड्या एकमेकींवर चढल्या. त्या रात्री नेमका किती मिलिमीटर पाऊस पडेल, हे महिनाभर आधी कुणालाच सांगता आलं नसतं. पण ओढा दरवर्षी अरुंद होत होता, काठावर भिंती उठत होत्या, माती पाणी पीत होती तिथे सिमेंट पडत होतं. हे सगळं भरदिवसा चालू होतं, रोज त्याच्यावरून जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. हीच चाहूल. ती घ्यायला ज्योतिषी लागत नाही, संगणकही लागत नाही. मीही त्या ओढ्यावरच्या पुलावरून वर्षानुवर्षं गेलो आहे आणि ओढ्याकडे मान वळवून पाहिलेलं मला आठवत नाही. त्याची खंत आहे.

(दृश्य : सिंहगड रस्ता, एकतानगरी. भिंतींवर चिखलाची रेघ.)

मुठेची निळी पूररेषा आखली आहे ६० हजार क्युसेकच्या हिशेबाने. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल, असा तो पूर. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजारांच्या आसपास असतानाच एकतानगरीत घरांमध्ये पाणी होतं. धरणाच्या खाली पडणारा पाऊस विसर्गाच्या आकड्यात धरलेला नसतो. शिवाय ज्या पात्रासाठी रेघ ओढली, ते पात्र तरी तसंच राहिलं आहे का, हा प्रश्न दर पावसाळ्याआधी नव्याने विचारायला हवा. रेघ कागदावर एकदाच ओढली जाते, नदीकाठ रोज बदलतो.

या भागातल्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंना मी भेटलो. त्यांनी फ्रिज विटांच्या चौथऱ्यावर चढवलाय. विजेचे पॉइंट छातीच्या उंचीवर घेतलेत. विसर्गाचा कुठला आकडा ऐकला की गाड्या वरच्या रस्त्यावर न्यायच्या, ते सगळ्यांनी मिळून ठरवलंय. ऐन वेळी चर्चा नाही.

यंदा पाणी येईल असं वाटतं का, मी विचारलं. काकूंनी त्याचं उत्तर दिलं नाही. शेजारच्या आजोबांना खुर्चीसकट वर न्यायला कोण दोघे येणार, ते कोणत्या मजल्यावर राहतात आणि त्यातला एक गावाला गेला असेल तर तिसरा कोण, हे त्यांनी मला बोटांवर मोजून सांगितलं.