सायीखालची वाट

(दृश्य: काळा खडकाळ माळ, खुरटी झुडपं, वाऱ्याचा आवाज)

उत्तर कॅलिफोर्नियातलं लाव्हा बेड्स. १९२५ पासून संरक्षित असलेला मुलूख. सह्याद्रीत हिंडलेल्या पायांना हा दगड ओळखीचा वाटेल, कारण हाही बेसाल्टच. पण आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांचा आणि इथला बराचसा जेमतेम ३०-४० हजार वर्षांचा. अजून धार न गेलेला. हात टेकला तर सोलून निघतो.

नजर जाईल तिथवर ना नदी, ना ओढा. वरून बघितलं तर इथे काहीच नाही. खाली मात्र आठशेच्या वर गुहा आहेत.

(दृश्य: लोखंडी शिडी, उतरणारे पाय, टॉर्चचा झोत)

तापलेल्या दुधावर साय धरते ना, तसंच इथे झालं. वाहत्या लाव्हाचा वरचा थर हवेनं थिजला, आत रस वाहतच राहिला. सायीनं ऊब धरून ठेवली, म्हणून तो लांबवर गेला. ज्वालामुखी शमला, उरलेला रस वाहून गेला आणि मागे राहिला पोकळ बोगदा. जिथे छत कोसळलं, तिथून आपण आत शिरतो.

भिंतीवरच्या या आडव्या रेघा पाहा. पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर राहतात तशाच, फक्त हा पूर आगीचा होता. वर छताला बोटभर लांबीचे थेंब लोंबताहेत. गुळाचा पाक उलथन्यावरून ओघळता ओघळता थिजावा, अगदी तसे. त्यांना हात लावायचा नाही. तुटला तर तो थेंब पुन्हा होणे नाही.

‘गोल्डन डोम’ गुहेचं छत तर सोन्यानं मढवल्यासारखं चमकतं. ते सोनं जिवंत आहे. तिथे जिवाणूंच्या वसाहती आहेत, त्यांच्यावर पाण्याचे बारीक थेंब साचतात आणि टॉर्च फिरवला की लखलखतात.

उतरताना डोक्यावर हेल्मेट हवं आणि जवळ एकाहून अधिक दिवे. दुसऱ्या गुहेत वापरलेले बूट-कपडे इथे चालत नाहीत. त्यांच्यासोबत येणाऱ्या एका बुरशीनं अमेरिकेत लाखो वटवाघळं मारली आहेत. एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

(दृश्य: गुहेच्या तळाशी बर्फ, त्यापुढे कठडा)

वर पाण्याचा टिपूस नाही, आणि ‘स्कल केव्ह’च्या तळाशी भर उन्हाळ्यात बर्फ! हिवाळ्यातली जड, थंड हवा खाली उतरते आणि तिथेच अडकून राहते. इथल्या मूळ रहिवासी मोडोक लोकांना हे ठाऊक होतं. हा मुलूखच त्यांचा.

(दृश्य: कातळातल्या घळी, रचलेले दगड)

सरकारनं नेमून दिलेल्या राखीव वस्तीत परत जायला त्यांनी नकार दिला, आणि १८७२ च्या हिवाळ्यात बायका-मुलांसह सुमारे दीडशे मोडोक या घळींत येऊन राहिले. लढणारे होते पन्नास-साठ. म्होरक्या होता किंटपुआश. १७ जानेवारी १८७३ रोजी दाट धुक्यात अमेरिकेचे तीनशेहून अधिक सैनिक चालून आले आणि हात हलवत परत गेले. मोडोकांचा एकही माणूस पडला नाही. एप्रिलमध्ये सैन्यानं त्यांची उत्तरेच्या तळ्याकडे जाणारी पाण्याची वाट तोडली. तेव्हा रात्रीच्या अंधारात, सैन्याला सुगावाही न लागू देता, ते कातळातून दक्षिणेकडे निसटले. पुढे किंटपुआश पकडला गेला. ३ ऑक्टोबरला त्याला फाशी दिली.

त्यांनी रचलेल्या दगडांमागून आज उत्तरेकडे पाहिलं की हिरवी शेतं दिसतात. तेव्हा तिथे तळं होतं.