कुंभारणीचं घर आणि भिंतीतला एसी

नमस्कार श्रोतेहो. होळी तोंडावर आली आहे. कोकणात उकडायला लागलं, घाटावर दुपारी पंखा पुरेनासा झाला, आणि या आठवड्यात कितीतरी घरांत कुणीतरी दिवाळीपासून बंद पडून असलेल्या एसीचं बटण दाबणार आहे. माझी एवढीच विनंती आहे, की त्याआधी तो साफ करा. मी बोलतेय भिंतीला भोक पाडून लाकडी चौकटीत बसवलेल्या एसीबद्दल. तोंड खोलीत, पाठ बाहेर. विंडो एसी म्हणतो आपण त्याला, मग तो खिडकीत असो वा नसो.

हे मशीन चार महिने बंद असतं ते आपल्यापुरतं. पाठ त्याची बाराही महिने उघड्यावर. तिथे धूळ बसते, पाखरं काड्या आणतात, आणि आणखीही कुणीकुणी येतं. ते कोण येतं, तेच आज सांगायचंय.

आमचं घर रत्नागिरीजवळ, जांभ्याच्या चिऱ्याचं. माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांच्या खोलीत आम्ही भिंत फोडून एसी बसवला. उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. एखादं अक्षर यायचं तोंडातून, पुढचा शब्द यायचा नाही. दिवसभर पलंगावर पडून खिडकीतून मागचं परस बघायचे. माड, माडाच्या बुंध्याभोवतीची आळी, धुण्याचा दगड. खिडकीला लागूनच एसी.

2014 सालचा फेब्रुवारी. अण्णा डाव्या हातानं खिडकीकडे बोट करायला लागले आणि म्हणायचे, "कुं… कुं…" रोज. सकाळी दहाच्या सुमाराला तर हटकून. आम्ही बाहेर बघायचो, काही दिसायचं नाही. आईला वाटलं, कुंकू म्हणतायत. तिचं कुंकू घामानं पुसट झालं असेल, ते त्यांना बघवत नसेल. बिचारी दर वेळी उठायची, देवघरातल्या आरशात बघून कुंकू ठसठशीत लावून यायची आणि त्यांच्यासमोर उभी राहायची. अण्णा मान हलवायचे. नाही, नाही. आणि पुन्हा बोट खिडकीकडे.

मार्च उजाडला, उकाडा वाढला, एसी सुरू केला. दुसऱ्याच दिवशी पाणी. बाहेर नाही, आत. एसीच्या खालून भिंतीवर ओघळ, ओघळ पलंगाखाली, आणि पलंगाखाली अण्णांची बाजाची पेटी. भात्याचं चामडं भिजून फुगलं होतं. त्या दिवशी मला रडू आलं.

मेकॅनिक आला. पुढची जाळी उघडली, हात लावून बघितला, म्हणाला, "ताई, गॅस गेलाय." 2,500 रुपये घेतले, गॅस भरला, गेला. संध्याकाळी पुन्हा पाणी. इथे एक गोष्ट नीट ऐका, मी पुन्हापुन्हा सांगणार आहे: गॅस संपत नाही, गॅस गळतो. तो बंद नळ्यांतून फिरत असतो, स्टोव्हमधल्या रॉकेलसारखा जळून जात नाही. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरला तर ते पैसे गेले. आमच्या मशीनची तर गळती नव्हतीच. हवा गारेगार येत होती.

भिंतीला ओल धरली म्हणून शेवटी गवंडी बोलावला. त्यानं आत येऊन भिंत बघितलीच नाही. थेट मागच्या परसात गेला, एसीच्या बुडाशी वाकला, आणि तिथूनच हाक मारली, "ताई, ह्या नळीत कुंभारणीनं घर केलंन!"

मी धावत गेले. एसीच्या पाठीमागे तळाशी पाणी जायची बोटभर नळी असते, तिचं तोंड मातीनं लिंपलेलं. सुरेख, गुळगुळीत, बोटानं फिरवल्यासारखं. त्यानं सळीनं ते उकरलं आणि एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. आत खण होते, लहान लहान. एका खणात सात-आठ कोळी, तांदळाच्या दाण्याएवढे, पाय पोटाशी घेतलेले. एकाचा पाय हलत होता. कुंभारीण माशी कोळ्यांना नांगी मारून लुळं करते, मारत नाही, आणि त्यांच्यावर अंडं घालते. अळी बाहेर आली की तिला ताजं अन्न. गवंडी म्हणाला, "माती बघा कशी मळलीय. आळ्यातली आहे, माडाच्या." त्या मातीची त्याला खरीच किंमत वाटत होती. आणि तेवढ्यात नळीतून काळं पाणी भळाभळा बाहेर आलं, दोन-तीन तांबे तरी असेल.

तो तुकडा घेऊन मी आत गेले आणि अण्णांसमोर धरला. म्हटलं, "अण्णा, कुंभारीण." त्यांनी तुकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डाव्या अर्ध्या तोंडानं हसले. किती दिवसांनी हसले! महिनाभर ते हेच सांगत होते. चिखलाची गोळी तोंडात धरून माशी आळ्यापासून एसीखाली खेपा घालताना घरात फक्त त्यांनाच दिसत होती. आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही, नुसता पदर डोळ्यांना लावला.

अंथरुणावरचा माणूस काही सांगत असला तर थांबून ऐकायला हवं. आपण त्याच्यासाठी औषधांची वेळ पाळतो आणि बोलण्याची पाळत नाही. माझं हे मत मी जिथे संधी मिळेल तिथे मांडते, एसीच्या गोष्टीतही मांडते.

असो. तर सफाई. पहिली गोष्ट, आणि ही दोनदा ऐका: प्लग काढा. रिमोटनं बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा.

मग पुढची जाळी, तिच्यामागचा फिल्टर. नळाखाली धरताना मागच्या बाजूनं पाणी सोडा, म्हणजे धूळ जशी आली तशी निघते, जाळीत रुतत नाही. वाळवायचा सावलीत, उन्हात प्लास्टिक वाकतं. हंगामात दर पंधरा दिवसांनी हे करावं. फिल्टर तुंबला की आतल्या कॉइलवर, म्हणजे गॅसच्या गार नळ्यांवर, हवा पोचत नाही, कॉइलवर बर्फ धरतो, आणि मग कुणीतरी येऊन म्हणतं गॅस गेला. गॅस संपत नाही, गॅस गळतो. आधी फिल्टर बघा.

फिल्टरमागे ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांची रांग दिसेल. मऊ ब्रश, आणि तो वरून खाली फिरवायचा. आडवा नाही. आडवा फिरवलात की पापुद्रे दुमडतात. त्यांच्या कडा बोट कापतात, तेव्हा जपून. भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी फवारलं तरी चालतं, पण विजेच्या बाजूला आधी पिशवी बांधा. ॲसिड नको, धुण्याचा सोडाही नको, दोन्ही ॲल्युमिनियम खातात. समुद्राकाठी खारी हवा ते आधीच खात असते. तिथे बाहेरची बाजू अधूनमधून गोड्या पाण्यानं हलकेच धुतलेली बरी.

बाहेरची कॉइल धुवायला अख्खं मशीन ओढावं लागतं, आणि ते चांगलं 50 किलोच्या आसपास भरतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हा उद्योग स्वतः करू नये, माहितगार माणूस बोलवावा. आतल्या कपॅसिटरला हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. मुंबई-पुण्यात पाठीवर कबुतरांचं घरटं आणि विष्ठा असते. ती कोरडी झाडू नका. ओली करून, नाकाला फडकं बांधून काढा, वाळलेली धूळ छातीला बाधते. कबुतरांना गच्चीवर दाणे टाकणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे की हे पुण्य शेजाऱ्याच्या फुप्फुसांतून वसूल होतं. पाखरांची माया असेल तर उंबर लावा, जांभूळ लावा.

दिल्ली-चंदीगडकडे आपली जी मंडळी आहेत त्यांच्याकडे गरम-गार अशी दोन्ही कामं करणारी मशीन असतात. त्यांनी थंडीआधीही एकदा साफ करावं. तिथे हिवाळ्यात चक्र उलटं फिरतं, बाहेरची कॉइल गार होते आणि बाहेरच्या हवेतली ऊब गोळा करते. ती मळलेली असेल तर खोली तापत नाही. हीटरची तार असलेलं मशीन असेल तर पहिल्या दिवशी धूळ जळाल्याचा वास येईल, खिडकी उघडी ठेवा. वास थांबला नाही तर बंद करून दाखवून घ्या.

आणि 24 वर ठेवा. 2020 पासून नवीन एसी 24 वरच सुरू होतात, ते उगाच नाही. ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो की एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 18 वर लावून अंगावर गोधडी ओढणं मला पटत नाही. गोधडी थंडीसाठी शिवलेली असते.

हंगाम संपला की शेवटच्या दिवशी दोन तास नुसता पंखा चालवा, आतली ओल सुकते, बुरशी धरत नाही. मग मागच्या नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा. मशीन सुरू करताना तो आठवणीनं काढा, नाहीतर त्यातच शेवाळ तुंबतं.

शेवटची परीक्षा पाण्याची. प्लग काढलेलाच ठेवा. पुढची जाळी उघडून कॉइलखालच्या तबकात एक तांब्या पाणी हळूहळू ओता. मशीनचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, थोडासाच. थोडं पाणी आत राहील, तेवढं चालतं. बाकीचं मागच्या नळीतून बाहेर यायला हवं. आलं तर ठीक. नाही आलं तर मागे जाऊन बघा, तिथे कुणीतरी राहतंय.

अण्णा पुढे तीन वर्षं होते. दर वर्षी होळीआधी तांब्या मी ओतायची आणि ते खिडकीतून नळीखालच्या जमिनीकडे बघत राहायचे. माती भिजली की डावा हात वर करायचे.

नमस्कार.