सात इलेक्ट्रॉनांचे दोन शेजारी: युरोपियम आणि गॅडोलिनियम

श्रोतेहो, आजच्या विषयासाठी मी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या आहेत. एक म्हणजे आर्गॉन वायू भरून तोंड वितळवून बंद केलेली काचेची नळी. तिच्या आत जो फिकट चंदेरी तुकडा दिसतो तो युरोपियमचा. दुसरा तुकडा गॅडोलिनियमचा असून तो उघड्यावरच आहे आणि व्याख्यान संपेपर्यंत त्याचे काहीही बिघडणार नाही. युरोपियमची नळी मात्र मी फोडली, तर तो धातू दमट हवेत आपल्या डोळ्यांदेखत काळवंडू लागेल. आवर्त सारणीत युरोपियमचा अणुक्रमांक ६३ आणि गॅडोलिनियमचा ६४, म्हणजे ही मूलद्रव्ये अगदी भिंतीला भिंत लागून राहतात. दुर्मीळ मृदा धातूंच्या घराण्याची ख्याती अशी, की त्यांचे रासायनिक गुण एकमेकांशी इतके जुळतात की त्यांना वेगळे करता करता रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्या खर्ची पडल्या. त्याच घराण्यातले हे दोन शेजारी इतके वेगळे का वागतात, हा आजचा प्रश्न आहे.

‘दुर्मीळ’ या शब्दाबद्दल एक खुलासा आधीच करतो. भूकवचात युरोपियम चांदीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आहे आणि गॅडोलिनियम युरोपियमपेक्षाही अधिक. ही मूलद्रव्ये एकेका जागी साठून राहत नाहीत आणि परस्परांपासून सहज सुटत नाहीत, अडचण ती आहे. ओळखण्यालाही त्यामुळेच विलंब झाला. जिनिव्हाच्या मारिन्याक यांना १८८० मध्ये गॅडोलिनियमचा सुगावा लागला आणि १८८६ मध्ये लकॉक द ब्वाबोद्रां यांनी ते नाव रूढ केले. ज्या योहान गॅडोलिन यांच्या स्मरणार्थ ते दिले गेले, ते फिनिश रसायनशास्त्रज्ञ १८५२ मध्येच निवर्तले होते. युरोपियम समॅरियमच्या नमुन्यांत दडून बसले होते. वर्णपटाच्या रेषा वाचण्यात निष्णात असलेल्या दमार्से यांनी १९०१ मध्ये ते वेगळे काढले. पिएर व मारी क्युरी यांच्या रेडियमच्या नमुन्यातील नवी वर्णरेषा १८९८ मध्ये ज्यांनी ओळखून दिली, तेच हे दमार्से.

आता मूळ कारणाकडे वळू. या घराण्यात क्रमांक एकेकाने वाढत जातो तसतसे नवे इलेक्ट्रॉन साधारणपणे ४एफ नावाच्या आतल्या उपकक्षेत भरले जातात. या उपकक्षेत चौदा इलेक्ट्रॉन मावतात, आणि ती नेमकी अर्धी, म्हणजे सात इलेक्ट्रॉनांनी भरली की अणूला एक विशेष स्थैर्य लाभते. युरोपियमच्या अणूत हे सात एफ इलेक्ट्रॉन असतात आणि बाहेर दोन. गॅडोलिनियममध्येही एफ इलेक्ट्रॉन सातच असतात. वाढलेला आठवा इलेक्ट्रॉन ती अर्धी मांडणी मोडायला नको म्हणून ५डी या बाहेरच्या कक्षेत जाऊन बसतो. बाहेरचे इलेक्ट्रॉन धातूच्या सामाईक साठ्यात सोडण्याची वेळ येते तेव्हा गॅडोलिनियम तीन इलेक्ट्रॉन मोकळ्या हाताने देते. युरोपियमला तिसरा द्यायचा तर सातांच्या संचातलाच एक काढावा लागतो, म्हणून धातुरूपात ते दोनांवरच थांबते.

या एका इलेक्ट्रॉनाच्या कंजुषीचे परिणाम हाताला जाणवतील इतके ठळक आहेत. अणूंना बांधून ठेवणारे इलेक्ट्रॉन कमी पडल्यामुळे युरोपियमचा अणू फुगलेला राहतो आणि धातू हलका व मऊ बनतो. एका घन सेंटिमीटर युरोपियमचे वस्तुमान सुमारे ५.२ ग्रॅम भरते, तेवढ्याच गॅडोलिनियमचे ७.९. युरोपियम सुमारे ८२० अंश सेल्सियसला वितळते, तर गॅडोलिनियमला १३१० अंशांच्या पुढे न्यावे लागते. उकळण्याच्या बाबतीत तर युरोपियमला सुमारे १५३० अंश पुरतात आणि गॅडोलिनियमला ३२०० अंशांहून अधिक लागतात. म्हणूनच युरोपियमचा ऑक्साइड लँथॅनम धातूबरोबर निर्वातात तापवला की युरोपियमची वाफ वर निघून येते आणि ती थंड करून धातू मिळवता येतो. गॅडोलिनियमसाठी त्याच्या फ्लुओराइडचे कॅल्शियमने क्षपण करावे लागते. वागणुकीने युरोपियम आपल्या शेजाऱ्यापेक्षा बेरियम व कॅल्शियम यांच्या अधिक जवळचे आहे. घराण्यात असा दुसरा नमुना यटर्बियमचा. तिथे चौदाची उपकक्षा पूर्ण भरलेली असते.

या बेरियमसदृश स्वभावाचा कारखान्यात थेट फायदा घेतात. घराण्यातील बाकीची मंडळी द्रावणात +३ अवस्थेत, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावून राहतात, परंतु जस्ताच्या साहाय्याने युरोपियमला +२ वर आणता येते आणि मग बेरियम सल्फेटाप्रमाणेच त्याचे सल्फेट साका होऊन खाली बसते. गॅडोलिनियमला अशी पळवाट नाही. त्याला विलायकांच्या टप्प्याटप्प्याच्या निष्कर्षणाने, कंटाळवाण्या पद्धतीनेच सोडवावे लागते.

निसर्गानेही हीच युक्ती वापरली आहे, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर पुरावा चंद्रावर आहे. चंद्राच्या जन्मानंतर त्याचा बाहेरचा मोठा भाग वितळलेल्या शिलारसाचा होता. तो थंड होताना प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार हे हलके खनिज स्फटिकरूपाने तयार होऊन पृष्ठाकडे तरंगत आले. प्राणवायूची टंचाई असलेल्या त्या रसात युरोपियम मुख्यतः +२ अवस्थेत होते, त्यामुळे फेल्डस्पारमधल्या कॅल्शियमच्या जागा त्याला चालून गेल्या. गॅडोलिनियमसह बाकीचे सगळे +३ वाले रसातच मागे राहिले. परिणामी चंद्राच्या उजळ उंचवट्यांच्या खडकांत युरोपियम अपेक्षेहून जास्त सापडते, आणि खालच्या थरांतून पुढे उसळलेल्या लाव्हाच्या काळसर ‘सागरां’त ते अपेक्षेहून कमी. अपोलो मोहिमांनी आणलेल्या दगडांत ही तूट व ही भर दोन्ही मोजली गेली. भूरसायनशास्त्रज्ञ तिला युरोपियमची विसंगती म्हणतात. एका धातूने तिसरा इलेक्ट्रॉन सोडायला केलेली कुरकुर त्या दगडांत अब्जावधी वर्षे नोंदलेली आहे.

उपयोगांकडे येताना एक उलटापालट लक्षात ठेवावी लागते. संयुगांत गॅडोलिनियम +३ होते तेव्हा त्याच्यापाशी ते सात इलेक्ट्रॉन शाबूत राहतात. युरोपियम +३ झाले तर मात्र सहाच उरतात. हे सहा इलेक्ट्रॉन प्रकाशासाठी फार सोयीचे आहेत. त्यांच्या ऊर्जापातळ्यांमधील एक उडी ६१० ते ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा अगदी अरुंद, शुद्ध लाल प्रकाश देते. रंगीत दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या संचांत लाल रंगासाठी सल्फाइडवर्गातले जे पदार्थ वापरत ते इतके मंद होते, की समतोल साधण्यासाठी हिरवा आणि निळा रंगही मुद्दाम फिका ठेवावा लागे. १९६४ मध्ये युरोपियम मिसळलेले यिट्रियम व्हॅनाडेट पुढे आले आणि सबंध चित्र उजळले. युरो चलनाच्या नोटा अतिनील दिव्याखाली धरल्या की त्यांतले तंतू चमकतात. त्यांपैकी लाल चमक युरोपियमची असल्याचे प्रकाशाच्या विश्लेषणावरून सांगितले जाते, आणि युरोपाच्या नावाचा धातू युरोपाच्या चलनात सापडावा हा योग गमतीचा आहे.

तेच युरोपियम +२ अवस्थेत गेले की त्याची तऱ्हा बदलते. आता उडी एफमधून बाहेरच्या डी कक्षेत होते, आणि ती कक्षा उघडी असल्याने तिला शेजारच्या अणूंचा दाब जाणवतो. त्यामुळे कोणत्या स्फटिकात बसवले यावर रंग ठरतो. बेरियम-मॅग्नेशियम ॲल्युमिनेटमध्ये ते निळे दिसते आणि स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटमध्ये हिरवे. या दुसऱ्या पदार्थात थोडे डिस्प्रोशियम घातले की दिवा मालवल्यावरही तासन् तास मंद उजेड राहतो, आणि अंधारात बाहेर पडण्याची वाट दाखवणाऱ्या पाट्यांना तो उपयोगी पडतो. पांढऱ्या एलईडी दिव्यांतला उबदार लाल अंशही बहुधा +२ युरोपियम घातलेल्या नायट्राइडांचा असतो.

गॅडोलिनियमचे आयन दृश्य प्रकाशात जवळजवळ मुके असतात. सातांची मांडणी हलवायला इतकी ऊर्जा लागते की पहिली उडीच अतिनील भागात, सुमारे ३११ नॅनोमीटरला पडते. सोरायसिसच्या उपचारासाठी त्वचेवर अरुंद पट्ट्याचा अतिनील प्रकाश टाकतात, त्या नळ्यांत गॅडोलिनियमचा हाच गुण कामी येतो. बाकी त्याचे खरे क्षेत्र चुंबकत्वाचे. सातही इलेक्ट्रॉन एकेकटे, आणि सर्वांचे परिवलन एकाच दिशेने. त्यामुळे या आयनाचे चुंबकत्व प्रबळ आणि दिशानिरपेक्ष असते. एमआरआय तपासणीत रक्तवाहिन्या किंवा गाठी उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून गॅडोलिनियमचे संयुग देतात. ते जवळच्या पाण्यातील हायड्रोजनच्या केंद्रकांना लवकर मूळ स्थितीला आणते आणि तो भाग चित्रात उजळतो. मोकळा गॅडोलिनियम आयन आकाराने कॅल्शियमच्या आयनाजवळचा असल्याने विषारी ठरतो, म्हणून तो कार्बनी रेणूच्या पकडीत बांधूनच द्यावा लागतो. ही पकड किती घट्ट, हा तपशिलाचा प्रश्न नाही: मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेत व अवयवांत तंतुमय काठिण्य येते, त्याचा संबंध २००६ मध्ये या द्रव्यांशी जोडला गेला. नंतर सरळ साखळीच्या रेणूंऐवजी कड्याच्या आकाराच्या, अधिक घट्ट रेणूंकडे कल वळला.

धातुरूपातील गॅडोलिनियम सुमारे २० अंश सेल्सियसच्या खाली लोखंडासारखे चुंबकाकडे ओढले जाते आणि त्याच्या वर ती ओढ गमावते. मघाशी हाच तुकडा बर्फाच्या पाण्यातून काढल्यावर चुंबकाला चिकटला आणि कोमट पाण्यात बुडवताच गळून पडला, ते आपण पाहिलेच. या सीमेजवळ त्याला चुंबकीय क्षेत्रात नेले की ते तापते आणि बाहेर काढले की गार होते. दोन टेस्लांच्या क्षेत्रात हा फरक पाच-सहा अंशांचा असतो. गॅडोलिनियमचेच सल्फेट वापरून जिओक आणि मॅकडूगल यांनी १९३३ मध्ये निरपेक्ष शून्याच्या पाव अंशाजवळ मजल मारली, आणि १९७६ मध्ये या धातूवर चालणारे सामान्य तापमानाचे शीतयंत्रही दाखवले गेले. घरोघरी असे यंत्र यायला मात्र चुंबकाचा खर्च आड येतो. युरोपियमही चुंबकीय आहेच, परंतु सुमारे ९० केल्विनच्या खाली त्याचे अणू परस्परविरुद्ध रचना धरतात, म्हणून बाहेरून ओढ जाणवत नाही.

न्यूट्रॉन गिळण्यात दोघेही पटाईत आहेत, पण भूक वेगळी आहे. गॅडोलिनियम-१५७ हे समस्थानिक सर्व स्थिर केंद्रकांत सर्वांत खादाड; न्यूट्रॉन पकडण्याची शक्यता ज्या बार्न या एककात मोजतात त्यात ती सुमारे २,५४,००० भरते. एक न्यूट्रॉन गिळला की त्याचे गॅडोलिनियम-१५८ होते आणि त्याची भूक जवळपास संपते. अणुभट्टीच्या ताज्या इंधनात ते मिसळतात ते याचसाठी: सुरुवातीचा जोर ते आवरते आणि इंधन जुने होईतो स्वतः संपून जाते. युरोपियमची भूक कमी, पण एका समस्थानिकापासून बनणारे पुढचेही न्यूट्रॉन घेत राहते, म्हणून ते टिकाऊ नियंत्रक-दांड्यांना शोभते; बदल्यात वर्षानुवर्षे किरणोत्सारी राहणारे युरोपियम मागे उरते. न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपणाऱ्या जपानच्या सुपर-कामिओकांडे शोधकातील ५०,००० टन पाण्यात २०२० मध्ये सुमारे १३ टन गॅडोलिनियम सल्फेट विरघळवले गेले, तेही न्यूट्रॉन पकडून प्रतिन्यूट्रिनोची, म्हणजे न्यूट्रिनोच्या प्रतिकणाची, खूण पटवण्यासाठीच.

शेवटी दोघे एकत्र काम करतात तो प्रसंग. १९९९ मध्ये उट्रेख्तच्या संशोधकांनी लिथियम गॅडोलिनियम फ्लुओराइडमध्ये थोडे युरोपियम मिसळले. दूरच्या अतिनील भागातला एक फोटॉन गॅडोलिनियम शोषून घेते, त्या ऊर्जेचा एक हप्ता एका युरोपियमला आणि उरलेला दुसऱ्याला देते, आणि दोन्ही युरोपियम एकेक लाल फोटॉन सोडतात. एकाला जवळजवळ दोन अशी ही परतफेड व्यवहारातल्या दिव्यांपर्यंत पोचलेली नाही; तरी सात इलेक्ट्रॉन घट्ट धरून बसलेला शेजारी ऊर्जा शोषतो आणि सहांवर आलेला दुसरा ती प्रकाशरूपाने बाहेर टाकतो, ही वाटणी त्या प्रयोगाच्या वर्णपटात रेषेरेषेने वाचता येते.