सोळा फ्रेमांचा ठोका

बेळगावहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटरवर आहे आणि बेंगळुरू सुमारे ५००. चित्रपटसंगीतात काम शोधणाऱ्या इथल्या तरुणाला या दोन्ही वाटा तोंडपाठ असतात. कोल्हापूरची वाट जुनी. १९२९ साली तिथे प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९३२ मध्ये आलेल्या ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटाला संगीत दिले ते गोविंदराव टेंबे यांनी, म्हणजे संगीत नाटकात आणि पेटीवर घडलेल्या माणसाने.

आपला संगीतकार खानापूर तालुक्यातला. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि गावच्या सप्ताहात भजनाची पेटी त्याच्याकडे. सुरुवातीचे लघुपट त्याने बहुधा फुकटच केले. आता शहापुरातल्या भाड्याच्या खोलीत एक संगणक, दोन स्पीकर आणि तीच पेटी आहे, आणि दोन्ही भाषांतले पार्श्वसंगीत हे त्याचे मुख्य काम आहे.

हे काम निम्मे हिशेबाचे आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम या गतीने चालतो. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली, तर एक ठोका बरोबर १६ फ्रेम घेतो. संगीत बसवून झाल्यावर संकलकाने दृश्यातले दोन सेकंद कापले की तीन ठोके गेले, आणि दार उघडण्याच्या क्षणावर धरलेली सम, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका, दार उघडून गेल्यावर येते. अशा वेळी तो चार ठोक्यांचे अख्खे आवर्तन वगळतो आणि जास्तीचा गेलेला एक ठोका उरलेल्या भागाची लय किंचित उतरवून भरून काढतो. प्रेक्षकाला यातले काही कळू नये, हीच अपेक्षा असते.

एका चित्रपटासाठी त्याला सौंदत्तीच्या यल्लमाच्या यात्रेत ऐकू येते ते चौंडके हवे होते. या वाद्याची तार एका हाताने ताणून धरतात आणि दुसऱ्या हाताने छेडतात. ताण बदलला की सूरही बदलतो, त्यामुळे व्हायोलिनच्या पट्टीत ते सहजासहजी बसत नाही. संगणकावर तो सूर सरळ करता आला असता, पण मग चौंडके घेण्यात अर्थ तरी काय उरला? त्याने आधी चौंडके ध्वनिमुद्रित केले आणि व्हायोलिनांना त्याच्या मागून जायला लावले. स्टुडिओचे वाढीव तास अर्थातच त्याच्या खिशातून गेले.

कारण निर्माता ठोक रक्कम देतो आणि वादक, गायक, स्टुडिओ, मिक्सिंग हे सारे त्यातूनच भागवावे लागते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने एक आधार दिला आहे: चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनातला संगीतकाराचा समान वाटा निर्मात्याला लिहून घेता येत नाही. करारावर सही करण्याआधी हे कलम तो आता वाचून घेतो, आणि चित्रपट पूर्ण झाला की त्यातली प्रत्येक चाल इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या स्वामित्वधन गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे स्वतःच नोंदवतो.