सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'जुन्या फोर व्हील गाडीचा ट्रान्सफर केस आणि तेलं'. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटून देणारा गिअरचा डबा. त्यावर बोलणारच आहे. पण तेल कुठलं आणि किती, हे सांगण्याआधी ते गाडीत टिकत का नाही, ते बोलायला हवं.

आपल्याकडे जीप किंवा जिप्सी तेल गळतंय म्हणून गॅरेजला गेली की ऑइल सील बदलतात. चार महिन्यांत तिथूनच परत गळायला लागतं. मग सील डुप्लिकेट होतं असं ठरतं, दुकानदार बदलतो, पुन्हा सील. हा खर्च निम्म्याहून जास्त वेळा फुकट जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. हौसिंगच्या, म्हणजे गिअर आणि तेल आत असलेल्या लोखंडी डब्याच्या वर बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते, तो ब्रीदर, आतल्या हवेची ये-जा करायची वाट. तो तुंबलेला असतो आणि कुणी बघत नाही, कारण तो चेसिसच्या आड चिखलाखाली गाडलेला असतो. खानापूर, जांबोटीकडची तांबडी माती तेलाच्या वाफेवर बसली की टणक खपली धरते. गाडी उन्हाळाभर उभी असेल तर कुंभारीण माशीही तिथे घर लिंपून जाते.

आता आत काय होतं ते बघा. 25 अंशांना कोंडलेली हवा 80 अंशांपर्यंत तापली तर तिचा दाब 18 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे साधारण पावणेतीन पीएसआय. सीलची रबरी ओठी तेल अडवायला असते, दाब पेलायला नव्हे. हवेला वाट मिळत नाही, मग ती ओठी उचलून तेलासकट बाहेर पडते. मागच्या ॲक्सलमध्ये हे तेल थेट ब्रेक ड्रममध्ये उतरतं आणि लायनिंग भिजतं. अशी गाडी घेऊन चोर्ला घाट उतरणाऱ्याने काय करावं, तुम्हीच सांगा. पुढच्या ॲक्सलला तेच तेल नकलमध्ये, म्हणजे चाक वळतं त्या सांध्यात जातं, तिथलं घट्ट ग्रीस पातळ होऊन बाहेर ओघळतं आणि आपण म्हणतो नकल सील गेलं. नकल सीलचा त्यात काही दोष नसतो. तेल डिफरन्शियलमधून, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यातून आलेलं असतं.

याच्या उलट खेळ ओढ्यात. तासभर पळून तापलेलं हौसिंग पावसाळ्यात पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. 80 वरून 25 अंशांवर आली की जवळजवळ 15 टक्के आकसते. आत दोन लिटर जागा रिकामी असेल तर तीनशे मिली हवा आत ओढली जायला हवी. ब्रीदर बंद, बाहेर पाणी, म्हणून सीलमधून पाणीच ओढलं जातं. आणि एक लक्षात घ्या, काही टोपीवाले ब्रीदर नवे असले तरी हवा फक्त बाहेर सोडतात, आत घेत नाहीत. कणकुंबीच्या बाजूला पावसाळाभर फिरणाऱ्या गाडीला नुसता ब्रीदर साफ करून भागत नाही, त्याला नळी लावून वर न्यावी लागते.

काम तासाभराचं आहे. ब्रीदर काढा, डिझेलमध्ये भिजवा, ब्रशने घासा, तोंडाने फुंकून बघा. काढण्याआधी भोवतालचा चिखल धुऊन घ्या, नाहीतर तोच आत पडेल. नळीसाठी त्याच आट्यांचं पितळी निपल बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही टर्नरकडून करून मिळतं. त्यावर 8 मिलिमीटरची तेल सोसणारी इंधनाची नळी क्लिपने आवळा आणि इंजिनच्या मागच्या पत्र्यापर्यंत उंच न्या. टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर, तोंड खाली. वाटेत नळीला झोळ पडू देऊ नका. झोळात पाणी साचलं की ती नळी पुन्हा बंद. ॲक्सल वरखाली होतो, तिथे थोडी ढील ठेवा, आणि सायलेन्सरपासून दूर बांधा. दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, सगळ्यांनाच नळी हवी.

पाणी गेलंय का हे बघायला रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी चालू न करता ड्रेन प्लग अर्धाच सैल करा. पाणी जड, ते तळाला बसतं, आधी थेंब पाण्याचे येतात. तेल घुसळून मठ्ठ्यासारखं पांढुरकं झालं असेल तर नुसतं बदलून चालत नाही. स्वस्तातलं नव्वद नंबरचं गिअर तेल घाला, आठ-दहा किलोमीटर चालवा, काढा, मग चांगलं भरा. रॉकेल घालून गाडी चालवायची सवय सोडून द्या, त्याने बेअरिंगवरचा तेलाचा थर उतरतो.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. मूळ विषयाचं भरभर सांगतो.

तेल गरम असताना काढा, पण आधी वरचा भरायचा प्लग उघडून बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालचा सोडला असेल तर गाडी तिथेच अडकली. चुंबकी प्लगवर करडा लगदा असणं साधं आहे. चकत्या, सुया दिसल्या तर बेअरिंग किंवा गिअर गेलाय. पिवळी चमक म्हणजे गिअरच्या बाजूच्या पितळी चकत्या, थ्रस्ट वॉशर, झिजतायत.

तेराशे सीसीच्या जिप्सी किंगला ट्रान्सफर केसमध्ये 0.8 लिटर, गिअरबॉक्सला 1.3, पुढच्या डिफरन्शियलला 2 आणि मागच्याला 1.5 लिटर लागतं. महिंद्राच्या जुन्या जीपमधल्या ट्रान्सफर केसला साधारण दीड लिटर. गाडी सपाट जागेवर, तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, दहा मिनिटं थांबून पुन्हा पातळी बघायची. या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना चिकटून असतात, मधल्या बेअरिंगमधून तेल इकडून तिकडे जातं. एकात जास्त, दुसऱ्यात कमी दिसलं तर दोन्ही एकदमच बदला.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला जीएल-4 दर्जाचं, 80 डब्ल्यू 90 जाडीचं तेल. डिफरन्शियलला जीएल-5, कारण क्राउन-पिनियनचे, म्हणजे तिथल्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचे दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना जास्त गंधक-फॉस्फरसवालं तेल लागतं. तेच तेल गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगला, म्हणजे गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कडीला मात्र गरम झाल्यावर खातं. बटणाने फोर व्हील लागणाऱ्या साखळीवाल्या ट्रान्सफर केसला बहुतेक एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल असतं, तिथे नव्वद नंबर घालू नका, गाडीचं पुस्तक बघा.

सील बदलावंच लागलं तर स्प्रिंगची बाजू तेलाकडे. फ्लॅन्जवर, म्हणजे सील ज्यावर घासतं त्या फिरत्या भागावर नखाला लागेल एवढी खाच पडली असेल तर नवं सील दोन मिलिमीटर अलीकडे बसवा, म्हणजे ओठी कोऱ्या जागेवर येते. पाण्यात फिरणाऱ्या गाडीचं तेल पावसाळ्याआधी आणि नंतर तपासा. महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर फोर व्हील लावून दोन-तीन किलोमीटर चालवा, नाहीतर पुढच्या बाजूची सीलं कोरडी पडतात. डांबरी रस्त्यावर मात्र नको, कारण पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना पीळ देतात. त्याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे असू द्या.